सकाळी एक बोट सोडायची, दुपारी दुसरी धरायची?

वाचकाचं पत्र : आम्ही दोघं निवृत्त, वय ६६ आणि ६३, ठाण्याला राहतो. ऑक्टोबर २०२६ मध्ये साडेतीन महिन्यांच्या प्रवासाला निघतोय. २५ ऑक्टोबरला बार्सिलोनाहून पहिली क्रूझ, ती कासाब्लांका आणि तेनेरिफ करून ८ नोव्हेंबरला सकाळी फोर्ट लॉडरडेलला पोहोचते. त्याच दिवशी दुपारी ४ वाजता मायामीहून दुसऱ्या कंपनीची बोट : ११ रात्री, कार्टाहेना, कोलोन आणि दोन-तीन बेटं. १९ तारखेला मायामीत उतरून न्यू जर्सीला मुलीकडे, आणि जानेवारीअखेर परत. अमेरिकेचा दहा वर्षांचा व्हिसा आहे, युरोपचा शेंगेन व्हिसा काढायचाय. दोन्हीकडे अनामत भरलीय, बाकीची रक्कम द्यायचीय. एजंट म्हणतो, "तासाभराचं तर अंतर आहे, आरामात होईल." मुलगी म्हणते, "अजिबात नको." चार मोठ्या बॅगा, हिचे गुडघे, माझ्या बीपी-शुगरच्या गोळ्या. एका दिवसात बोट बदलणं जमेल का?

उत्तर : जमेल. तरी करू नका.

एजंट खोटं बोलत नाहीये. त्याचं गणित कागदावर बरोबरच आहे. बोट पहाटे पाच-सहाच्या सुमारास पोर्ट एव्हरग्लेड्सच्या, म्हणजे फोर्ट लॉडरडेलच्या बंदराच्या, धक्क्याला लागते, सात-साडेसातपासून माणसं उतरायला लागतात आणि साडेनऊ-दहापर्यंत सगळे प्रवासी उतरून बोट रिकामी होते. तिथून मायामी बंदर साधारण ४५ किलोमीटर. रविवारची सकाळ म्हणजे रस्ता बरा असतो, तासाभरात पोहोचाल. तिकडे चढायला अकराच्या आसपास सुरुवात होते. म्हणजे दोन्हींच्या मध्ये पाच-सहा तास मोकळे दिसतात.

फक्त त्या गणितात चारचा आकडा धरलेला आहे, आणि चार ही बोट सुटायची वेळ आहे. तुमची वेळ त्याच्या आधीच संपते. अमेरिकेतून निघणाऱ्या जहाजाला प्रवाशांची पक्की यादी सुटण्याच्या किमान ६० मिनिटं आधी सीमाशुल्क खात्याकडे पाठवावी लागते. त्यामुळे कंपन्या चेक-इनचं खिडकीकाम ६० ते ९० मिनिटं आधी बंद करतात. एकदा यादी गेली की बोट समोर उभी दिसत असली तरी तुम्हाला घेत नाहीत. तेव्हा तुमची खरी अंतिम वेळ अडीच. काही कंपन्या याहूनही आधीची वेळ देतात, ती तुमच्या तिकिटावर पाहून घ्या.

दुसऱ्या टोकाला, नऊला उतरू हेही धरून चालू नका. अमेरिकेचे नागरिक नसलेल्यांची पासपोर्ट तपासणी, ठसे आणि फोटो इथेच होतात, कारण अटलांटिक ओलांडून आल्यावर हेच तुमचं अमेरिकेतलं पहिलं बंदर. चार बॅगा असल्यामुळे त्या स्वतः ओढत सगळ्यांच्या आधी उतरायची सोय तुम्हाला घेता येणार नाही. सौ.साठी व्हीलचेअर मागितली असेल, आणि मागावीच, तर मदतनीस मोकळा होईपर्यंत लाउंजमध्ये बसून राहावं लागतं. नेहमीच्या दिवशी या सगळ्यासकट दहा वाजतील. जो दिवस नेहमीचा नसेल, त्याचं काय?

अटलांटिकवर नोव्हेंबरमध्ये कमी दाबाचे पट्टे येतात, आणि चक्रीवादळांचा हंगाम कागदोपत्री ३० नोव्हेंबरला संपतो. वाऱ्यापावसाने झालेला उशीर बोट बहुतेक वेळा वेग वाढवून भरून काढते. भरून निघत नाही तो उशीर आजारी माणसामुळे होतो. भर समुद्रात कुणाला हृदयविकाराचा झटका आला आणि हेलिकॉप्टरच्या टप्प्यात किनारा नसला, तर कप्तान वाट वाकडी करतो. या मार्गांवर वयस्कर प्रवासी बरेच असतात. म्हणजे हे रोज घडत नाही, पण नवलाईचंही नाही. शिवाय पोट बिघडण्याची साथ पसरली असेल तर उतरवण्याची गती मंदावते. अशी शक्यता शंभरात किती, असला आकडा देण्यात अर्थ नाही. शक्यता थोडीच आहे. पण घडलंच तर दुसऱ्या बोटीचे दोघांचे पूर्ण पैसे जातात, कारण कंपनीच्या लेखी तुम्ही 'न आलेले प्रवासी' असता. आपल्याकडच्या बहुतेक प्रवास विम्यांत 'चुकलेली जोडणी' म्हणजे विमानाची जोडणी. तुम्ही स्वतः जुळवलेल्या दोन बोटी त्यात सहसा बसत नाहीत. पॉलिसीचं ते पान मागवून घ्या आणि 'क्रूझ' हा शब्द कुठे कुठे येतो ते शोधा.

"चुकली तर पुढच्या बंदरावर गाठू" असं कुणी सांगेल. त्याला कंपनीची आधी परवानगी लागते, आणि दुसऱ्या देशात विमानाने उतरलात की त्या देशाचे विमानप्रवाशांचे व्हिसानियम लागू होतात. बोटीवरून दिवसभरासाठी उतरणाऱ्यांना मिळणारी सवलत तिथे चालत नाही. पुढचं बंदर अमेरिकेतलंच असलं तर आणखी एक कायदा आडवा येतो. १८८६ चा तो कायदा परदेशी झेंड्याच्या जहाजाला अमेरिकेच्या एका बंदरात प्रवासी घेऊन दुसऱ्या अमेरिकी बंदरात सोडू देत नाही. मध्ये एखादं 'दूरचं परदेशी बंदर' लागलं तरच चालतं. (गंमत म्हणजे याच कायद्यामुळे काही वेळा बोट बदलणं फायद्याचं ठरतं. लॉस एंजेलिसहून व्हँकुव्हर आणि पुढे अलास्कात सूअर्डपर्यंत सलग त्याच बोटीने जाऊ देत नाहीत, कारण कॅनडातलं व्हँकुव्हर त्या कायद्याने 'दूरचं' धरत नाहीत, पण व्हँकुव्हरला बोट बदललीत तर चालतं.)

या सगळ्याच्या मुळाशी एक गोष्ट आहे, ती नीट लक्षात घ्या. दोन वेगळ्या कंपन्यांच्या बोटींना एकमेकींची काही खबर नसते. विमानात मुंबई-फ्रँकफर्ट-न्यूयॉर्क एका तिकिटावर असेल तर मधली जबाबदारी विमान कंपनीची. इथे तसलं काही नाही. पहिली बोट तुम्हाला धक्क्यावर सोडते आणि तिचं काम संपतं. दुसरीच्या दृष्टीने तुम्ही ठाण्याहून आलात की अटलांटिकवरून, सारखंच. बॅगा या बोटीवरून त्या बोटीवर कुणी नेऊन देत नाही, जेवणाचं पथ्य कुणी कळवत नाही, पहिलीकडची व्हीलचेअरची नोंद दुसरीला माहीत नसते. मधले तास सर्वस्वी तुमचे.

म्हणून : मध्ये एक रात्र ठेवा, निदान एक. नोव्हेंबरमध्ये मायामी आणि फोर्ट लॉडरडेल मिळून जवळजवळ रोज कुठली ना कुठली बोट सुटते, शनिवार-रविवारी सर्वात जास्त. एजंटला सांगा, ९ ते १२ नोव्हेंबरदरम्यान सुटणारी, शक्यतो पोर्ट एव्हरग्लेड्सहूनच निघणारी बोट शोध. मग ४५ किलोमीटरचाही प्रश्न मिटला. हे आत्ताच करायचं, कारण उरलेली रक्कम साधारण सुटण्याआधी ७५ ते १२० दिवसांत भरायची असते, म्हणजे तुमच्या बाबतीत जूनअखेर ते ऑगस्ट. त्याआधी तारीख बदलणं फार तर अनामतीवर जातं. तुमची अनामत परत मिळणारी आहे की नाही, एवढं पावतीवर पाहून घ्या. त्या मुदतीनंतर मात्र रद्द करण्याचा दंड टप्प्याटप्प्याने चढत जातो. हॉटेलच्या रात्रीचे दीड-दोनशे डॉलर जातील. दोन तिकिटांपुढे ते किरकोळ आहेत.

दोन्ही बोटी एकाच कंपनीच्या, एकाच बंदरातून आणि दुसरी संध्याकाळी पाचनंतर सुटणारी असती, तर आम्हीही "चला" म्हटलं असतं. बार्सिलोनालाही हाच नियम लावा : बोटीच्या दोन दिवस आधी पोहोचा.

आता कागदपत्रं. शेंगेनचा व्हिसा 'एकापेक्षा जास्त प्रवेशां'चाच मागा. बहुतेकांची चूक इथेच होते. बार्सिलोनात शिरलात, तो पहिला प्रवेश. कासाब्लांका मोरोक्कोत, म्हणजे शेंगेनच्या बाहेर. तेनेरिफ पुन्हा स्पेन, म्हणजे दुसरा प्रवेश. एकाच प्रवेशाचा व्हिसा असेल तर बार्सिलोनाच्या चेक-इन खिडकीवरच ते पकडलं जातं आणि तुम्हाला चढू देत नाहीत. अर्जाला बोटीचा बंदरनिहाय कार्यक्रम जोडा आणि कासाब्लांकाच्या ओळीखाली पेनाने रेघ मारा. भारतात स्पेनचे अर्ज बीएलएस या व्हिसा-अर्ज घेणाऱ्या कंपनीकडे जातात. प्रवासाच्या सहा महिने आधीपासून अर्ज करता येतो, आणि निदान १५ दिवस आधी तो जायलाच हवा. मोरोक्कोसाठी आणि दुसऱ्या बोटीच्या प्रत्येक बंदरासाठी भारतीय पासपोर्टला काय लागतं, हे दोन्ही कंपन्यांकडून ई-मेलवर लेखी घ्या. एजंटचं तोंडी "काही लागत नाही" खिडकीवर उपयोगाला येत नाही.

युरोपात आता पासपोर्टवरच्या शिक्क्यांची जागा ठसे आणि फोटोंच्या नोंदीने घेतली आहे. तुम्ही समुद्रमार्गे बाहेर पडणार, तेव्हा बाहेर पडल्याचा पुरावा म्हणून पहिल्या बोटीचं अंतिम बिल जपून ठेवा. शेंगेनमध्ये कुठल्याही १८० दिवसांत ९० दिवसच राहता येतं; पुढच्या वेळी कुणी तो हिशेब विचारला तर ते कामी येतं.

अमेरिकेत शिरल्यावर तुम्ही किती दिवस राहू शकता, हे व्हिसावरच्या तारखेने ठरत नाही. ते आय-९४ नावाच्या नोंदीतल्या तारखेने ठरतं. फोर्ट लॉडरडेलला उतरल्यावर सरकारी संकेतस्थळावर ती तारीख पाहा, आणि दुसऱ्या क्रूझहून मायामीला परतल्यावर पुन्हा पाहा. बेटांवर जाऊन आलो की मुदत नव्याने सुरू होते, असं धरून चालू नका. तुमचा मुक्काम जानेवारीअखेरपर्यंतचाच असल्याने अडचण येऊ नये, पण तारीख चुकीची पडली असेल तर ती त्याच आठवड्यात दुरुस्त करून घेणं सोपं जातं.

नावाचं एक बारीक काम : दोन्ही तिकिटांवरचं नाव पासपोर्टवर आहे तसंच्या तसं हवं. सौ.च्या पासपोर्टवर मधलं नाव म्हणून तुमचं नाव असेल आणि एका तिकिटावर ते गाळलेलं असेल, तर आत्ताच बदलून घ्या.

कार्टाहेना कोलंबियात, कोलोन पनामात. दोन्ही देशांत पीतज्वराचा (यलो फीव्हर) धोका असलेले भाग आहेत. या बंदरांनंतर बोट ज्या बेटांवर जाते, त्यांतलं एखादं पीतज्वराच्या लशीचं प्रमाणपत्र मागू शकतं. कंपनीला हाही प्रश्न लेखी विचारा. लस एकदाच, प्रमाणपत्र आयुष्यभराचं, पण ते लस घेतल्यानंतर १० दिवसांनी लागू होतं. साठीनंतर ही लस पहिल्यांदाच घेताना गंभीर दुष्परिणामांची शक्यता वाढते. म्हणून आधी तुमच्या डॉक्टरांशी बोला. ते नको म्हणाले तर सूट मिळण्याचं वैद्यकीय पत्र सरकारमान्य लसीकरण केंद्रातूनच घ्या. भारत असं प्रमाणपत्र मागतो ते धोक्याच्या देशातून निघाल्यापासून सहा दिवसांच्या आत इथे पोहोचणाऱ्यांकडे. तुम्ही दोन महिन्यांनी परतणार, त्यामुळे मुंबईत तो प्रश्न येणार नाही.

आणि बॅगा. चार मोठ्या बॅगा विसरा. माणशी एक चाकांची मोठी बॅग, भरून १८-२० किलोच्या आत, आणि एक पाठीवरची. विमान २३ किलोच्या दोन नेऊ देतं म्हणून त्या न्यायलाच हव्यात असं नाही. बोटीवर वजनाची फारशी कटकट नसते, पण धक्का ते टॅक्सी, टॅक्सी ते हॉटेल आणि दुसऱ्या दिवशी हेच पुन्हा, हे ओढकाम तुमच्याच हाताने व्हायचंय. चार मोठ्या बॅगा आणि दोन माणसं साध्या टॅक्सीत मावतही नाहीत. मोठी गाडी बोलवावी लागते. (रविवारी सकाळी हजारो माणसं एकदम उतरतात, तेव्हा मोठी गाडीच आधी संपते.) फोर्ट लॉडरडेल ते मायामी ब्राइटलाइन नावाची चांगली रेल्वेही आहे, पण धक्का ते स्टेशन आणि स्टेशन ते धक्का अशा दोन टॅक्सी वेगळ्या. सामानासकट तुमच्यासाठी थेट गाडीच बरी.

बार्सिलोनाचे स्वेटर-जॅकेट कॅरिबियनमध्ये ओझं होतील, आणि न्यू जर्सीत तेच लागतील. मधल्या रात्रीचा दुसरा फायदा हा. अमेरिकी टपाल खात्याची ठरावीक दराची मोठी पेटी मिळते. तिच्यात जे मावेल ते, ३१ किलोपर्यंत, देशात कुठेही एकाच दरात जातं. गरम कपडे त्यात भरून मुलीच्या पत्त्यावर टाका. ८ तारखेला रविवार म्हणजे पोस्ट बंद, ९ ला सोमवारी उघडं, ११ ला पुन्हा सुट्टी. हॉटेल निवडताना कपडे धुवायचं नाणी टाकायचं यंत्र आहे का तेही पाहा. चौदा दिवसांचे कपडे बोटीवर धुवून घ्यायला नगामागे पैसे मोजावे लागतात.

आता ७ तारखेची रात्र. सगळ्यात जास्त फजिती या रात्री होते, म्हणून जरा तपशिलात.

दुपारी केबिनमध्ये रंगीत किंवा आकड्यांचे टॅग येतात. मोठी बॅग टॅग लावून रात्री दहा-अकराच्या आत दाराबाहेर ठेवायची. सकाळी ती टर्मिनलमध्ये त्याच रंगाच्या किंवा आकड्याच्या रांगेत मिळते. बॅग एकदा गेली की सकाळपर्यंत ती तुमची नाही. आता चित्र डोळ्यांसमोर आणा : सौ.नी शिस्तीत सगळं भरलं, कपाट रिकामं, बॅगा बाहेर, मस्त झोप. सकाळी सहाला उठून पाहतात, तर अंगावरच्या गाऊनशिवाय केबिनमध्ये घालायला एक वस्त्र नाही, आणि तुमच्या पायात फक्त बोटीच्या कापडी सपाता. हा प्रकार प्रत्येक बोटीवर, प्रत्येक फेरीला, कुणाच्या ना कुणाच्या नशिबी येतो. त्याच्या पुढची पायरी म्हणजे पासपोर्टच बाहेरच्या बॅगेत गेलेला असणं.

म्हणून बॅग बंद करायच्या आधी उद्याचा पूर्ण पोशाख, बूट-चपला आणि अंतर्वस्त्रांसकट, खुर्चीवर मांडा. मगच भरायला घ्या. पासपोर्ट, पैसे, सगळी औषधं, चष्मे, चार्जर, दुसऱ्या बोटीचे कागद आणि एक जोड कपडे पाठीवरच्या बॅगेत. केबिनमधल्या तिजोरीत काही विसरू नये यासाठी एक जुनी युक्ती आहे : उद्या पायात घालायच्या जोडातली एक चप्पल रात्री तिजोरीत ठेवून द्या. एका चपलेवर कुणी बोट सोडत नाही. तिजोरी रिकामी केली की दार सताड उघडं ठेवा. सकाळी गँगवेवर, म्हणजे बोटीतून उतरायच्या पुलावर, कार्ड टेकवून 'टिंग' वाजलं की परत वर जाता येत नाही, मग गादीखाली काहीही राहिलेलं असो.

काही बोटींवर भारतीय पासपोर्ट प्रवासभर स्वागतकक्षात ठेवून घेतात. तुमचे तसे घेतले असतील तर ते कधी परत मिळणार ते विचारा आणि आदल्या दिवशीच ताब्यात घ्या. चढताना जप्त झालेली वस्तूही शेवटच्या संध्याकाळी किंवा सकाळी रांगेत उभं राहून परत घ्यावी लागते. आपल्या मंडळींची बहुतेक वेळा चहाची विजेची किटली, छोटी इस्त्री नाहीतर प्रवासी कुकर असतो. उष्णता निर्माण करणारं कुठलंही यंत्र दोन्ही बोटींवर चालणार नाही, ते घरीच ठेवा. सर्ज प्रोटेक्टर (विजेचा दाब अचानक वाढल्यास यंत्र वाचवणारी सोय) असलेली एक्स्टेन्शन पट्टीही काढून घेतात.

उतरल्यावर हॉटेलात पोहोचलात की पहिलं काम : जुने टॅग कात्रीने कापून कचऱ्यात. हे हसण्यावारी नेऊ नका. बॅगेवर दोन बोटींचे टॅग लटकत असले की धक्क्यावरचा हमाल जो आधी दिसेल तो वाचतो, आणि बॅग भलत्याच ढिगात जाते. दुसऱ्या बोटीचे टॅग ठाण्यातच छापून, प्लास्टिकच्या पाकिटात घालून न्या; छोटा स्टेपलर आणि रुंद चिकटपट्टी सोबत. धक्क्यावर मोठी बॅग हमालाकडे द्यायची, बॅगेमागे एक-दोन डॉलर बक्षिशी. ती केबिनमध्ये दुपारी येईल किंवा रात्री आठलाही येईल. तेव्हा तिथेही औषधं आणि एक जोड कपडे पाठीवरच्याच बॅगेत. मायामीहून निघणार असाल तर टर्मिनलचं अक्षर गाडीवाल्याला आधी सांगा. तिथली टर्मिनलं अक्षरांनी ओळखतात, पोर्ट एव्हरग्लेड्सची आकड्यांनी.

पैसे. दोन बोटींना दोन वेगळी क्रेडिट कार्डं द्या. बोटीवरच्या खर्चासाठी कार्डावर आधीच काही रक्कम अडकवून ठेवतात आणि बोट सोडल्यावर ती सुटायला आठवडा-दहा दिवसही लागतात. तेच कार्ड दुसरीकडे दिलंत तर मर्यादा तिथेच संपलेली असते. फॉरेक्स कार्ड यासाठी नको, कारण त्यातले तुमचे खरेखुरे पैसे अडकून पडतात. दोन्ही कार्डांवर परदेशातला वापर निघायच्या आधी सुरू करून घ्या. ओटीपी एसएमएसवर न येता बँकेच्या अॅपवर किंवा ई-मेलवर येईल अशी सोय करा. भर समुद्रात फोन जहाजाच्या स्वतःच्या मोबाइल जाळ्याला जोडला जातो आणि त्याला तुमचा नेहमीचा रोमिंग पॅक लागू नसतो. तेव्हा पूर्ण प्रवासात फोन फ्लाइट मोडवर, वाय-फाय तेवढं सुरू.

रोजची बक्षिशी माणशी सुमारे १६ ते २० डॉलर, ती दोन्ही बोटींवर वेगळी लागते. १८ धरले तर पहिलीवर दोघांचे ५०४, दुसरीवर ३९६. बिलात चूक असेल तर ती आदल्या रात्रीच दाखवा. सकाळी स्वागतकक्षासमोरची रांग पाहून माणूस चाळीस डॉलर सोडून देतो.

औषधं. अटलांटिक पश्चिमेकडे ओलांडताना घड्याळ सहा रात्री एकेक तास मागे जातं, म्हणजे सहा दिवस २५ तासांचे. बीपीच्या गोळीला याने फारसा फरक पडत नाही. शुगरसाठी इन्सुलिन घेत असाल तर मात्र डॉक्टरांकडून वेळापत्रक लिहून घ्या. नुसत्या गोळ्या असतील तर त्या जेवणाशी बांधलेल्या ठेवा. सगळं मूळ स्ट्रिपमध्ये, औषधाच्या रासायनिक नावासकट इंग्रजी चिठ्ठीबरोबर. अमेरिकेत स्वतःपुरती औषधं साधारण ९० दिवसांची नेता येतात. तुमचा तिथला मुक्काम ८ नोव्हेंबर ते जानेवारीअखेर ८४-८५ दिवसांचा, तेव्हा बरोबर बसतं. पण हे सगळं एकाच डब्यात नको. निम्मं तुमच्या पाठीवर, निम्मं सौ.च्या.

दुसऱ्या बोटीवर चढताना तब्येतीचा फॉर्म असतो : गेल्या दोन-तीन दिवसांत उलटी-जुलाब झाले का? खरं लिहा. पहिल्या बोटीवर पोट बिघडलं असेल तर मधली रात्र इथेही उपयोगी पडते. त्याच दिवशी बोट बदलणाऱ्याला लपवाछपवीचा मोह होतो, आणि दुसऱ्या दिवशी बोटीच्या दवाखान्यात ती उघडी पडली की केबिनमध्ये बंद राहावं लागतं.

खाणं. शाकाहारी किंवा जैन जेवणाची मागणी दोन्ही कंपन्यांकडे वेगवेगळी, दोन महिने आधी. पहिल्या बोटीवरची फळं, सँडविच उतरताना सोबत नेऊ नका, धक्क्यावर कृषी तपासणीची कुत्री असतात आणि दंड होतो. मेतकूट, चटणी, लाडू जे काही घरचं असेल ते तपासणीच्या वेळी अधिकाऱ्याकडे जाहीर करा. जाहीर केलेलं फार तर काढून घेतील. ताजा कढीपत्ता मात्र अजिबात नको, डब्याच्या तळाशी चार पानंसुद्धा नकोत. लिंबूवर्गीय झाडांना मारणाऱ्या रोगाची कीड त्यावर येते, आणि फ्लोरिडाच्या संत्र्यांच्या बागा त्या रोगाने आधीच पोखरल्या आहेत. तिथले अधिकारी या पानाला नावानिशी ओळखतात.

राहता राहिली एक गोष्ट, जी एजंटच्या लक्षात यायचं कारण नव्हतं. ८ नोव्हेंबर २०२६ ला लक्ष्मीपूजन आहे. बोटीवर मेणबत्ती, पणती, उदबत्ती काहीही पेटवता येत नाही, आणि हॉटेलच्या खोलीतही धुराचा अलार्म असतो. बॅटरीवरच्या दोन पणत्या आणि छोटीशी तसबीर पाठीवरच्या बॅगेत टाका. फराळाचा डबा वर सांगितल्याप्रमाणे जाहीर केलेला असला म्हणजे झालं. आणि न्यू जर्सीचं घड्याळही फ्लोरिडाचंच, तेव्हा मुलीला फोन करायला वेळ काढून बघावी लागणार नाही.